एकदाच विचारणारी पंगत

चंदीगडला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये भरल्या पंगतीत जवळजवळ उपाशी राहिले. आता कुणी म्हणेल, बाई, लंगरमध्ये उपाशी राहायला तुला जमलं तरी कसं? तिथे येईल त्याला पोटभर जेवू घालतात. खरं आहे. पण मी पडले साताऱ्याकडची. आमच्याकडे वाढणारा पोळी घेऊन आला की ताटावर हात आडवा धरायचा आणि 'नको नको' म्हणायचं, ही रीत. मग त्याने 'अहो घ्या हो, अर्धी तरी' म्हणायचं, आपण पुन्हा 'नको' म्हणायचं, आणि शेवटी त्याने पोळी ताटात टाकलीच की 'अगंबाई, केवढी वाढलीत' असं म्हणत ती मुकाट्याने खायची. तर लंगरमध्ये रोट्यांची टोपली घेऊन एक सरदारजी आले, 'परशादा जी' म्हणाले, लंगरमध्ये रोटीला परशादाच म्हणतात, मी हात आडवा धरला, आणि ते पुढे गेले. मी वाट बघत बसले. दुसरी फेरी आली, मी सवयीने पुन्हा 'नको' म्हटलं, ते पुन्हा पुढे गेले. नुसती डाळ पीत मी ताटाकडे बघत राहिले.

शेजारी आमची लेक बसली होती. तिने दोन्ही हात पुढे केले होते, रोटी हातात घेतली होती आणि ती मजेत जेवत होती. माझी ही दशा बघून तिला हसू आवरेना. ही मुलगी माझ्या मराठीला कायम हिंदीतच उत्तर देते. बदल्यांच्या गावांतून वाढलेली पोर, तिला कळतं सगळं, पण जिभेवर हिंदीच येते. तोंडात घास असतानाच ती म्हणाली, "आई, यहाँ एक ही बार पूछते हैं."

तेव्हा मी तिला डोळे वटारून दाखवले. पण ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्याला कारणही तसंच होतं. आमचे हे केंद्र सरकारच्या नोकरीत. तीन-चार वर्षं झाली की बदली ठरलेली. मी गणित घेऊन बीएस्सी केलेलं, बीएड केलेलं, शिकवायची हौस दांडगी. पण भोपाळमध्ये शाळा धरली की गुवाहाटीची ऑर्डर यायची, गुवाहाटीत जम बसतोय तोवर तिसरीकडची. सामान पुढच्या गावी गेल्यावर उघडायचं, माझी नोकरी मात्र मागच्याच गावात राहायची. आणि खरं सांगायचं तर नोकरी समोरून चालून आली तरी मी आधी 'बघते, घरी विचारून सांगते' असंच म्हणायचे. म्हणजे नको असायची असं नाही. ताटावर हात आडवा धरायची सवय, दुसरं काय! समोरच्याने जरा आग्रह करावा, एवढंच वाटायचं. ते बिचारे खरंच वाट बघायचे आणि मग दुसरी कुणी शोधायचे.

चंदीगडची ही ह्यांची शेवटची बदली. लेकीला मोहालीच्या आयटी कंपनीत नोकरी लागलेली, त्यामुळे निवृत्तीनंतरही काही वर्षं इथेच राहायचं ठरलं होतं. अशात आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की झिरकपूरच्या एका छोट्या शाळेत मधल्या वर्गांना कॉम्प्युटर शिकवायला बाई हव्या आहेत. मी फोन केला. प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, गणिताची पदवी चालेल, पण आता पोरांना कोडिंग शिकवावं लागतं, पंधरा दिवसांनी येऊन सातवीच्या वर्गावर एक तास घेऊन दाखवा, विषय ॲरे, लूप आणि इफ. येणार का? मी म्हणाले, घरी विचारून... तेवढ्यात लेकीने माझ्या हातातून फोन काढून घेतला, 'जी मैम, पक्का आएँगी' म्हणाली आणि ठेवून दिला.

मी तिच्यावर अशी भडकले म्हणता! पन्नाशी उलटलेली बाई मी, ॲरे म्हणजे काय ते पदार्थाचं नाव की औषधाचं, मला ठाऊक नाही, आणि ही परस्पर होकार देऊन मोकळी. पण रागाच्या खाली काय होतं ते माझं मला ठाऊक होतं. मला ती नोकरी हवी होती. टिकेल अशी, बदलीने हिरावून न्यायची नाही अशी माझ्या आयुष्यातली ती पहिली नोकरी असणार होती. इतकी हवी होती की कुणाला सांगायची चोरी.

शिकवणी सुरू झाली ती घरातच, जेवणाच्या टेबलावर. गुरू कोण, तर जिला मी पाढे पाठ करताना रडवलं होतं ती लेक. तिने सगळे जुने हिशेब चुकते केले. तिने सांगितलं, ॲरे म्हणजे एका ओळीत मांडलेल्या वस्तू, प्रत्येकीला तिच्या जागेचा नंबर. आपल्या ह्या शहरासारखं, इथे पत्ता म्हणजे नुसता आकडाच की नाही, सेक्टर अमुक, घर तमुक. मला पटलं. मग म्हणे, फक्त मोजायला सुरुवात शून्यापासून करायची. मी म्हणाले, मग सेक्टर शून्य कुठाय, दाखव मला. ती म्हणाली, नाहीये. मी म्हणाले, मग तुझं उदाहरण चुकलं. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. हे पेपर वाचत होते, ते पेपराआड हसत होते, पेपर हलत होता.

शून्याचा गुंता मात्र माझा मीच सोडवला. पोळ्या लाटताना एकदम डोक्यात प्रकाश पडला. पंगत! पानं मांडताना पहिलं पान देवाच्या नैवेद्याचं. ते पंगतीतच असतं, आधी वाढतातही त्याच्यावर, पण माणसं मोजताना ते कुणी धरत नाही. तेच शून्य नंबरचं पान. पहिला पाहुणा त्याच्यापुढे. एकदा हे कळलं आणि पुढचं सगळं लोण्यासारखं आत गेलं. ॲरे म्हणजे बसलेली पंगत. लूप म्हणजे वाढप्याची फेरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, कुणाला न चुकवता. आणि इफ म्हणजे 'वाढू का?' हो म्हटलं तर वाढ, नाही म्हटलं तर पुढच्या पानावर जा. मी लाटणं हातात घेऊनच बाहेर आले आणि लेकीला हे सांगितलं. तिने बोटांवर शून्यापासून पानं मोजून बघितली. मग म्हणाली, बात तो सही है.

लगोलग मी माझा पहिला प्रोग्राम लिहिला. पंगतीला आजोबा, मामा, आत्या आणि जावईबापू. कॉम्प्युटर एकेकाला विचारणार, 'श्रीखंड वाढू का?' आपण त्यांच्या वतीने उत्तर टाइप करायचं. मी ह्यांना बोलावलं आणि म्हणाले, बसा, तुम्ही आजोबा. ह्यांनी शिरस्त्याप्रमाणे टाइप केलं, 'नको'. पडद्यावर आलं, 'अहो घ्या हो थोडं'. ह्यांनी पुन्हा 'नको'. पुन्हा, 'अहो घ्या हो थोडं'. हे खुशीत आले. असा आग्रह त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी केला नव्हता. ते 'नको' टाइप करत राहिले, कॉम्प्युटर आग्रह करत राहिला, मामा, आत्या आणि जावईबापू तिकडे ताटकळत बसले. लेक ऑफिसातून आली तेव्हाही हे चालूच होतं.

तिने कोड वाचला आणि कपाळाला हात लावला. मी लिहिलं होतं, जोवर उत्तर 'नको' आहे तोवर पुन्हा विचार. म्हणजे कुणी खरंच नको म्हणणारा भेटला तर ही फेरी कल्पान्तापर्यंत संपायची नाही. ह्याला म्हणे इनफिनिट लूप म्हणतात आणि ती मोठी चूक समजतात. "आई, ये प्रोग्राम नहीं है," ती म्हणाली, "ये आत्या है." हे बहिणीच्या बाजूने काही बोलायला गेले, पण हसूच फुटलं त्यांना.

मग मी आग्रहाची ओळ काढून टाकली. एकदा विचारायचं, हो असेल तर वाढायचं, नाही असेल तर पुढे. लंगरसारखं. काढताना जिवावर आलं, कशाला खोटं बोलू.

डेमोच्या दिवशी मी रव्याचे लाडू वळून डबा भरला. शिकवायला हातात काहीतरी हवं, आणि पोरांना रिकाम्या हाताने भेटायला जायचं मला तरी जमत नाही. लेकीने अर्धी रजा टाकली आणि मला स्कूटरवर बसवून निघाली. फेब्रुवारी संपत आलेला, चौकांच्या गोल बागांमध्ये फुलं डवरलेली, ऊन असं कोवळं की जन्मभर अंगावर घेत बसावं. आणि झिरकपूर जवळ आल्यावर जो ट्रॅफिक तुंबला, की फुलंबिलं सगळी विसरले. लेक गाड्यांच्या फटीतून स्कूटर काढत होती आणि मी मागे डबा पोटाशी धरून जप करत होते. शाळेच्या फाटकाशी तिने मला उतरवलं, माझी साडी नीट केली आणि बाहेरच थांबते म्हणाली. लहानपणी तिला शाळेत सोडताना मी हेच करायचे.

आत गेले तर माझ्याआधी एका तरुण मुलाचा तास चाललेला. एमसीए झालेला, टाय लावलेला, पाठीवरच्या बॅगेत स्वतःचा लॅपटॉप. दाराबाहेर बाकावर बसून मी त्याचा आवाज ऐकत होते. काय ते फर्डं इंग्रजी! कुठे अडखळणं नाही, काही नाही. ही नोकरी आता गेलीच असं वाटायला लागलं, आणि असं वाटलं की माझे हात शिवशिवायला लागतात, काहीतरी जास्तीचं करावंसं वाटतं. मी सोबत आणलेला लेकीचा लॅपटॉप मांडीवर उघडला आणि माझा प्रोग्राम पुन्हा वाचला, त्यात श्रीखंडाच्या जागी आता लाडू होता. मनात आलं, एखाद्या पोराला दोनदा लाडू मिळाला तर?

ही शंका उगीच नव्हती. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटायचं काम माझ्याकडे असतं. पोरं महाबिलंदर, एकदा मोदक घेऊन पुन्हा रांगेत शेवटी उभी राहतात. म्हणून मोदक दिला रे दिला की मी त्याला दंडाला धरून रांगेबाहेर काढते. मी म्हटलं, तेच इथे करू. ज्याला लाडू मिळाला त्याचं नाव लगेच लिस्टमधून, म्हणजे त्या ॲरेमधून, काढून टाकायचं, अशी एक ओळ मी फेरीच्या आत घातली. चालवून बघायला वेळ नव्हता, मला आत बोलावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवत आले होते.

वर्ग छान होता. ऊन यायला मोठ्या खिडक्या, समोर मोठा पडदा, मागच्या बाकावर प्रिन्सिपल बाई. उंच, पांढरी चुन्नी, नाकावर चष्मा, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. मी हिंदीत सुरुवात केली. पोरांना म्हटलं, सहा जण पुढे या, आणि खरी नावं सांगू नका, आज तुम्हाला काय म्हणून हाक मारू ते सांगा. झालं, वर्गाला उकळी फुटली. एक जण झाला राजमा, दुसरा कुलचा, तिसरी लस्सी. दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, मी पिन्नी. पंजाबात थंडीत कणकेचे लाडू करतात, त्यांना पिन्नी म्हणतात. मागून एक बुलेट आला आणि शेवटचा गोलमटोल होता तो भटूरा. ही सगळी नावं मी ओळीने लिस्टमध्ये घातली. पंगत, फेरी, 'लड्डू?' हा प्रश्न, 'हाँ' असेल तर लाडू, 'ना' असेल तर पुढे, सगळं समजावून दिलं. पंगत म्हटल्यावर पोरांना काही सांगावंच लागलं नाही. त्यांच्याकडेही तोच शब्द, लंगरला ओळीत बसतात त्याला पंगतच म्हणतात. माझा जीव जरा भांड्यात पडला. मी म्हटलं, चला, चालवू या.

कॉम्प्युटरने राजमाला विचारलं. 'हाँ'. राजमाला लाडू मिळाला. मग पडद्यावर आलं, लस्सी, लड्डू? लस्सीनेही हो म्हटलं. मग बुलेट. आणि प्रोग्राम संपला.

मग कुलचा हळूच म्हणाला, "मैम, और मैं?"

बाई गं! पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुलचा राहिला, पिन्नी राहिली, भटूरा राहिला, एकाआड एक सगळे उपाशी. आमच्याकडे ह्याला पंक्तिप्रपंच म्हणतात, पंगतीत बसलेल्यांत भेदभाव करणं, ह्याच्यासारखं पाप नाही असं मला लहानपणापासून सांगितलेलं. आणि तो मी केला होता, तोही नोकरी मागायला आले असताना, भर वर्गात. कोड डोळ्यांसमोर होता, तीच एक ओळ नवी होती, म्हणजे घोटाळा तिथेच. पण का, ते मला दिसेना. मागे प्रिन्सिपल बाईंनी चष्मा काढून पुसला. दारातून तो टायवाला मुलगाही बघत होता, बिचारा माझ्यासाठी ओशाळला होता.

पण मग मला चक्क जिद्दच चढली. कॉम्प्युटर मला आला नसेल कदाचित, पण वाढायला येतं. मी डबा उचलला आणि म्हणाले, सगळे व्हरांड्यात चला, आपण कॉम्प्युटरने केलं तेच हाताने करून बघू.

सहा जण भिंतीला टेकून ओळीत बसले, बाकीचे भोवती कोंडाळं करून. मी राजमासमोर उभी राहिले, त्याला लाडू दिला आणि म्हटलं, तुझं नाव लिस्टमधून काढलं, ऊठ. तो उठला. आता ही जागा रिकामी कशी ठेवायची, कॉम्प्युटर ठेवत नाही, लिस्ट पुढे सरकते, एवढं मला लेकीने सांगितलेलं आठवत होतं. म्हटलं, सगळे एकेक जागा पुढे सरका. सगळे घसटत घसटत सरकले. आणि मी वाढपी, पुढचं पाऊल टाकलं. समोर बघते तर लस्सी! कुलचा माझ्या मागे, राजमाच्या जागेवर, दोन्ही हात पुढे करून तसाच बसलेला.

तेव्हा मला दिसलं. आणि पोरांनाही दिसलं, ती खिदळलीच. प्रसादाची रांग वेगळी आणि जेवणाची पंगत वेगळी. रांगेत वाटणारा एका जागी उभा असतो आणि माणसं पुढे सरकतात. पंगतीत माणसं बसलेली असतात आणि वाढपी फिरतो. दोन्हींतलं एकच हलायचं असतं. मी शहाणीने दोन्ही हलवलं, पंगतही आणि वाढपीही, मग मधला माणूस चुकणारच की. जन्मभर दोन्ही ठिकाणी वाढत आले, आणि हा फरक मला झिरकपूरच्या व्हरांड्यात कळला. मला इतका आनंद झाला की नोकरीबिकरी पार विसरले.

मी पोरांना विचारलं, मग चूक कुठली? दोन वेण्यांची पिन्नी म्हणाली, "मैम, लंगर में जब तक सब खा न लें, कोई उठता नहीं. आपने राजमा को बीच में क्यों उठाया?"

आमच्या घरीही तेच. सगळ्यांचं आटोपल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, मधेच उठलं की आजी पाठीत धपाटा घालायची. मी पिन्नीला म्हटलं, बरोबर बोललीस बेटा, ती ओळच चुकीची. राजमाला परत बसवलं आणि पुन्हा फेरी सुरू केली. कुलचा, लस्सी, पिन्नी, बुलेट, सगळ्यांनी हात पुढे केले. भटूराने केले नाहीत. त्याची दाढ दुखत होती, त्याने मान हलवली. माझा हात डब्यात गेलाच होता, तोंडातून 'अरे, एक तो...' एवढं निघालंही, तोच सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मैम, इफ!"

मी लाडू डब्यात परत ठेवला. मग भोवतीच्या पोरांनाही बसवलं, सगळ्यांना वाढलं. ओळ संपली म्हणून वळते तर शेवटी प्रिन्सिपल बाई. चुन्नी सावरत फरशीवर बसल्या होत्या आणि दोन्ही हात पुढे केलेले होते. मी म्हटलं, "लड्डू जी?" त्यांनी नुसती मान डोलावली, घेतला आणि खाल्लाही. चेहरा मात्र अजून तसाच, काही कळू देत नव्हत्या.

वर्गात परत येऊन मी ती ओळ सगळ्यांसमोर पुसली. प्रोग्राम चालवला. सहाच्या सहा नावं ओळीने आली, कुणी चुकलं नाही, भटूराने 'ना' म्हटलं आणि कॉम्प्युटर निमूट पुढे गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आता 'धन्यवाद' म्हणून निघणार, तर पिन्नीने पुन्हा हात वर केला. म्हणाली, मैम, आपको तो मिला ही नहीं. मी सांगितलं, अगं, मी वाढणारी, वाढणाऱ्याचं जेवण मागाहून. ती म्हणाली, हो, पण तुमचं नाव लिस्टमध्ये नाहीच आहे, मग मागाहून तरी कसं मिळणार?

खरंच नव्हतं. आजोबा, मामा, आत्या, जावईबापू, कुठल्याच पंगतीत मी स्वतःला घातलं नव्हतं. घातलं नाही हे लक्षातही आलं नव्हतं. मी कीबोर्डकडे वळले. लिस्टच्या शेवटी एक नाव जोडलं, 'मैम'. प्रोग्राम पुन्हा चालवला. पोरं आपापली उत्तरं ओरडत होती, मी टाइप करत होते, राजमा हाँ, कुलचा हाँ, आणि शेवटी पडद्यावर आलं, मैम, लड्डू?

आता गंमत सांगते. माझी बोटं आपोआप 'ना' कडे गेली. अक्षर उमटलंही होतं. मागे सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता. मी ते पुसलं आणि 'हाँ' लिहिलं. 'मैम को लड्डू मिला', असं पडद्यावर आलं, आणि पिन्नीने डब्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. तो मी उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत खाल्ला. बरा झाला होता, तूप जरा कमी पडलं होतं.

तास संपल्यावर प्रिन्सिपल बाई दाराशी थांबल्या. म्हणाल्या, त्या मुलाने शिकवलं चांगलं, पण त्याचा प्रोग्राम चुकलाच नाही, त्यामुळे माझ्या पोरांना चूक शोधायला मिळाली नाही. मग त्यांनी चष्मा लावला आणि त्याच कोरड्या आवाजात विचारलं, "अप्रैल से आ सकती हैं आप?"

'घरी विचारून सांगते' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते जिभेवर इतकी वर्षं बसलेले, त्यांना वाट माहीत. पण माझ्या हातावर अजून रव्याचा चुरा होता. मी म्हणाले, "हाँ जी."

फाटकाबाहेर लेक स्कूटरवर टेकून उभी होती. माझा चेहरा बघताच तिने हेल्मेट भिरकावलं आणि भर रस्त्यात मला मिठी मारली. झिरकपूरचा सगळा ट्रॅफिक हॉर्न वाजवत होता, आणि तो आमच्याचसाठी वाजतोय असं मी धरून चालले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे इतके खूश झाले की चहा स्वतः केला, आणि त्यात साखर घालायला विसरले. मग जरा लटक्या रागाने म्हणाले, "म्हणजे होकार देऊनच आलीस? मला विचारलं नाहीस?"

मी म्हणाले, "त्या थांबल्या नसत्या हो. इथे एकदाच विचारतात."

लेक टेबलावर ताटं मांडत होती. तिने हसत माझं ताट पहिल्या जागी ठेवलं, भाताचं भांडं हातात घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई," ती चक्क मराठीत म्हणाली, "वाढू का?"

मी दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.